नव्या गमबुटाचा वास जातो कुठे?

नवे गमबूट घरी आले, खोक्याचं झाकण उघडलं, की डोळ्यांच्या आधी नाकाला बातमी कळते. उग्र, डोक्यात जाणारा वास! आजी लगेच ओरडते, "आधी ते बाहेर ठेवा बरं!" बाबा बूट उंबऱ्याबाहेर ठेवतात. दोन दिवसांनी हुंगून बघतात, तर वास अजून आहेच. मग सल्ले सुरू होतात. आत पावडर टाका. उदबत्ती लावा. कडक उन्हात टाकून द्या आठवडाभर. रॉकेलनं पुसून घ्या.

यातला कुठला सल्ला कामाचा आणि कुठला बुटाचा घात करणारा? ते ठरवायचं तर आधी हा वास कशाचा, तो येतो कुठून आणि जातो कुठे हे शोधायला हवं. या शोधात आपण ब्राझीलच्या जंगलात जाणार आहोत, असईच्या रणांगणात डोकावणार आहोत आणि नान्नजच्या माळरानावर काळविटांनाही भेटणार आहोत. पण आपला मुक्काम असेल कुंभारीत. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की लागतं ते कुंभारी, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. भोवती काळी रानं, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल, रात्री उसाला पाणी द्यायला जाणारी माणसं. गमबुटांची खरी गरज कुणाला असेल तर ती यांना!

वास म्हणजे वस्तूचाच अंश

पहिली गंमत ऐका. तुम्हाला गमबुटाचा वास येतो, तेव्हा गमबुटाचा एक अतिसूक्ष्म अंश खरोखरच तुमच्या नाकात शिरलेला असतो. बुटाच्या पृष्ठभागावरून काही रेणू सुटतात, हवेत मिसळतात, श्वासाबरोबर आत जातात आणि नाकाच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या ओलसर पडद्यावर बसतात. त्या पडद्यात वास ओळखणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एखाद्या रेणूनं त्यातले काही ग्राहक जागे केले, की मेंदूला निरोप जातो आणि मेंदू सांगतो: हे रबर, हा मोगरा, ही करपलेली भाकरी. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन शास्त्रज्ञांनी हे ग्राहक बनवणारी जनुकं १९९१ मध्ये शोधून काढली. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे ज्या वस्तूतून रेणू सुटत नाहीत, तिला वास नाही. स्टीलचं स्वच्छ ताट हुंगा, काहीच येत नाही. लसूण ठेचा, घरभर कळतं.

आता उदबत्तीच्या सल्ल्याचा विचार करा. उदबत्ती लावली की खोलीत चंदनाचे रेणू येतात. रबराचे रेणू मात्र कुठेही गेलेले नसतात. उदबत्ती विझली, चंदन ओसरलं, की बूट पुन्हा बोलू लागतो. वास घालवायचा असेल तर मार्ग दोनच: ते रेणू बुटातून बाहेर पडू द्यायचे आणि वाऱ्यावर पाठवून द्यायचे, किंवा त्यांना कशात तरी पकडून ठेवायचं. वास झाकायचा नाही, वाटेला लावायचा!

चीक, गंधक आणि तापलेली शेगडी

पण रबराला एवढा उग्र वास येतोच का?

रबर मिळतं झाडाच्या चिकापासून. झाड मूळचं ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू बागेत नेल्या आणि पुढे तिथली रोपं आशियात पोहोचली. आज आपल्या देशात केरळमध्ये रबराच्या मोठमोठ्या बागा आहेत. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडेही त्या दिसतात. पहाटे झाडाच्या सालीला तिरकी चीर देतात, खाली वाटी बांधतात, तिच्यात दुधासारखा पांढरा चीक ठिबकतो. तो आम्ल घालून गोठवतात, लाटून त्याचे पापुद्रे करतात आणि बरेचदा धुरावर वाळवतात. चिकात रबराशिवाय थोडी प्रथिनं आणि इतर पदार्थही असतात. ते कुजले की आंबूस वास येतो. तेव्हा बुटाच्या वासातला पहिला वाटेकरी हा.

या कच्च्या रबराचे बूट केले तर? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ते करून पाहिलं होतं. थंडीत ते बूट दगडासारखे कडक व्हायचे आणि उन्हाळ्यात चिकट लगदा! वितळलेल्या मालाला एवढी दुर्गंधी सुटायची की एका कारखान्याला तो जमिनीत पुरून टाकावा लागला, असं सांगतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. तिथं त्या बुटांचं काय झालं असतं, विचार करा!

यावर उपाय शोधला चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसानं. रबराच्या नादापायी तो कर्जात बुडाला, तुरुंगातही गेला, पण प्रयोग थांबवले नाहीत. १८३९ मध्ये गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही. उलट चामड्यासारखा चिवट झाला! गुडइयरनं मग किती गंधक, किती उष्णता, किती वेळ याचा पिच्छा पुरवला आणि १८४४ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं.

गंधकानं नेमकं काय केलं? रबराचा रेणू म्हणजे खूप लांब साखळी. कच्च्या रबरात अशा असंख्य साखळ्या सुट्या सुताच्या ढिगासारख्या एकमेकींवरून घसरत असतात. सोलापूरच्या मागावर सुटं सूत विणलं जातं आणि त्याची घट्ट चादर होते, तसं गंधक या साखळ्यांना जागोजागी आडवे दुवे घालतं. आता ओढलं तर रबर ताणतं, सोडलं तर पूर्ववत होतं. उन्हात वितळत नाही, थंडीत तडकत नाही.

निव्वळ गंधकानं हे काम व्हायला काही तास लागतात. म्हणून कारखान्यात त्यात वेग वाढवणारी मदतनीस रसायनं घालतात. मग तासांचं काम मिनिटांत होतं. पण काम झाल्यावर ही रसायनं आणि त्यांच्यापासून झालेले नवे पदार्थ थोड्या प्रमाणात रबरातच राहून जातात. त्यातलाच एक बेंझोथायाझोल. नव्या टायरचा, नव्या ट्यूबचा, नव्या बुटाचा तो ओळखीचा 'रबरी' वास येतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. तळवा चिकटवायला वापरलेल्या डिंकातले उडून जाणारे द्रवही असतातच.

आणि गंधकाच्या अशा संयुगांच्या बाबतीत आपलं नाक फार तिखट आहे. याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती झाली तर कळावं म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे गंधकाचं संयुग मुद्दाम मिसळतात. हवेच्या एक अब्ज रेणूंत त्याचे मोजके रेणू असले तरी नाक सावध होतं. म्हणून गमबुटातून अगदी थोडं काही सुटलं तरी आजीला ते पडवीतून कळतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दुकानात गमबूट म्हणून मिळणारे कितीतरी बूट रबराचे नसतातच, ते पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. त्यांनाही वास येतो, पण तो प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी घातलेल्या पदार्थांचा आणि उरलेल्या द्रवांचा. खरेदी करताना तळव्यावर किंवा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून बघा. वास घालवायची रीत मात्र दोन्हींची एकच.

असईच्या लढाईतला सेनापती आणि शेतकऱ्याचा बूट

इंग्लंडमध्ये गमबुटाला 'वेलिंग्टन' म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस आपल्या महाराष्ट्रात लढून गेलेला आहे! २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांची घनघोर लढाई झाली. इंग्रज फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनचा पराभव केला. त्यानं आपल्या चांभाराकडून एक सुटसुटीत उंच बूट करून घेतला आणि त्याची तिकडे एवढी चलती झाली की बुटालाच त्याचं नाव चिकटलं. तेव्हा तो बूट चामड्याचा होता.

तो रबराचा झाला गुडइयरच्या शोधानंतर. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकी उद्योजकानं फ्रान्समध्ये रबरी पादत्राणांचा कारखाना काढला. तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलात राबत होते. संध्याकाळी कोरड्या पायांनी घरी येणं त्यांना पहिल्यांदाच जमलं. पहिल्या महायुद्धात खंदकांत पाणी साचायचं, तेव्हा सैनिकांसाठी असे लाखो बूट बनले. आणि आज तेच बूट कुंभारीच्या रानात चिखल तुडवतात.

काल गेलेला वास आज परत कसा?

आता आपण मुख्य कोड्याकडे येऊ. बूट साबणानं घासून धुतले. वास गेला! सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हुंगलं, तर वास परत हजर. असं का?

कारण वासाचे रेणू बुटाच्या फक्त पृष्ठभागावर नसतात. ते रबराच्या पूर्ण जाडीत पसरलेले असतात. धुतल्यानं वरचे निघून जातात. मग आतले रेणू साखळ्यांच्या फटीतून वाट काढत, इकडे-तिकडे धडपडत हळूहळू वर येतात. पुन्हा वरचे उडतात, पुन्हा आतले येतात. आतला साठा संपत येईपर्यंत हे चालूच राहतं.

या प्रवासाचं एक सुंदर गणित आहे. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट लागेल असं वाटतं ना? लागतो चौपट! तिप्पट जाडीला नऊपट. रेणू सरळ रेषेत चालत नाहीत, वाटेल तिकडे वळतात, म्हणून असं होतं. यामुळेच बुटाच्या पातळ नळीचा वास लवकर जातो आणि जाड तळव्याचा कितीतरी दिवस रेंगाळतो. तुमच्याकडे नवे गमबूट असतील तर नळी आणि तळवा वेगवेगळे हुंगून बघा, फरक कळेल.

दुसरी अडचण बुटाच्या आकाराची. उंच नळी, तोंड वर, आत हवा कोंडलेली. त्या कोंडलेल्या हवेत रबरातून रेणू येत राहतात. हवा पुरेशी भरली की जेवढे रेणू बाहेर पडतात तेवढेच पुन्हा रबरात परततात. मग बूट महिनाभर कोपऱ्यात उभा राहिला तरी आतला वास फारसा कमी होत नाही. आतली हवा बदलत राहिली तरच काम पुढे सरकतं.

मे महिना कामाला लावा

रेणूंची धडपड कशानं वाढते? उष्णतेनं. आणि उष्णतेला सोलापूर जिल्ह्यात काय तोटा! एप्रिल-मे महिन्यात सावलीतही चाळीस अंशांच्या आसपास तापमान असतं, हवा कोरडी असते, दुपारनंतर वारा सुटतो. गमबुटाचा वास घालवायला यापेक्षा चांगली हवा शोधून मिळणार नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे वेळेवर खरेदी. पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, मे महिन्यातच बूट आणायचे. वास घालवायला पावसाळा संपेपर्यंत वाट पाहिलीत तर अडचण येते. सोलापूरकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, आणि नेमकी तेव्हाच बुटांची सर्वांत जास्त गरज असते.

बूट आणले की असं करा.

आधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन आतून-बाहेरून धुवा. कारखान्यात साच्यातून बूट सुटावा म्हणून लावलेला थर आणि वर साचलेली रसायनं यानं निघतात. मग आतला सुटा तळवा असेल तर तो काढून वेगळा वाळवा. त्यानंतर बूट पडवीत, सावलीत, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून आडवे ठेवा, किंवा जमिनीत दोन काठ्या रोवून त्यांवर उलटे टांगा. वारा नसेल तर थोडा वेळ पंख्यासमोर ठेवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. दोन-तीन आठवड्यांत उग्रपणा बराच कमी झालेला असतो.

उष्णता चांगली, मग कडक उन्हात का नाही? कारण उन्हातले अतिनील किरण रबराच्या साखळ्या तोडतात. हवेतला ओझोनही तेच करतो. उन्हात पडलेल्या जुन्या टायरवर बारीक भेगा दिसतात, त्या याच तोडफोडीच्या. कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवलेत तर हरकत नाही, पण आठवडाभर भर दुपारच्या उन्हात बूट टाकून ठेवणं म्हणजे वासाबरोबर बुटालाही निरोप देणं.

रॉकेल, पेट्रोल किंवा खोबरेल तेल तर रबराला लावूच नका. हे पदार्थ साखळ्यांच्या मधे घुसतात, रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. शिवाय रॉकेल-पेट्रोलला आगीची भीती. ब्लीचिंग पावडरीत व्हिनेगर किंवा लिंबू मिसळायचा उद्योगही कधी करायचा नाही, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

दहा गुंठ्यांचा कोळसा

आता दुसरा मार्ग, रेणू पकडून ठेवण्याचा.

कोळशाचा खडा हातात घ्या. दिसायला साधा, पण आतून तो असंख्य बारीक भोकांनी पोखरलेला असतो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात जो खास तयार केलेला सक्रिय कोळसा वापरतात, त्याच्या फक्त एका ग्रॅममधल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे १,००० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे रान, आणि तेही चिमूटभर कोळशात! हवेतले रेणू या भिंतींना चिकटून बसतात. चुलीतल्या साध्या कोळशात भोकं कमी असतात, तरी तोही थोडंफार काम करतो. पातळ फडक्यात त्याची पुरचुंडी बांधा आणि रात्री बुटात ठेवा. एक लक्षात घ्या, कोळसा गार, विझलेला आणि कोरडाच हवा.

खाण्याच्या सोड्याचं काम वेगळं. तो आम्लांना गाठतो. आंबूस वास देणारी आम्लं सोड्याला भेटली की त्यांचे क्षार होतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून वासही येत नाही. पण बेंझोथायाझोल हे आम्ल नाही, त्यामुळे नव्या रबरी वासावर सोडा फारसा चालत नाही. तो उपयोगी पडतो बूट जुने झाल्यावर! गमबुटात हवा खेळत नाही, पाय घामेजतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. पायावरचे जिवाणू घाम आणि मेलेली कातडी खातात आणि त्यातून वास मारणारी आम्लं बनवतात. त्यातलं एक आयसोव्हॅलेरिक आम्ल. तिथं मात्र रात्री बुटात भुरभुरलेला सोडा नामी काम करतो. सकाळी तो झटकून टाकायचा आणि सुती मोजे रोज धुतलेले घालायचे. मोज्यांचा आणखी एक फायदा आहे. रबरातल्या मदतनीस रसायनांनी काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. मोजे मधे असले की तो त्रास कमी होऊ शकतो.

आणि कुंभारीच्या भोवती पसरलेली काळी माती? तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ असतात की एका ग्रॅमचं क्षेत्रफळ काही शे चौरस मीटर भरतं. पाणी मिळालं की हे पापुद्रे फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून तर आपल्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती बुटाचा वास पकडेल का? उत्तर मी सांगणार नाही. ते तुम्हीच शोधायचं आहे, पुढच्या प्रयोगात.

नाक सरावतं

प्रयोगाआधी आपल्या नाकाची एक खोड माहीत हवी. त्यासाठी कुंभारीतल्याच एका वसाहतीत चला.

सोलापुरात हजारो बायका विड्या वळून संसार चालवतात. त्यांच्यासाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये. तिला वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचं नाव दिलं आहे. पुढे जवळच कामगारांसाठीच रे नगर उभं राहिलं. १९ जानेवारी २०२४ रोजी तिथली १५,००० घरं कुटुंबांना मिळाली. विडी वळणारी मावशी कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन येते, पानं भिजवते, मापानं कापते, तंबाखू भरून वळते, दोऱ्यानं बांधते. दिवसभर हात थांबत नाहीत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच तंबाखूचा उग्र दर्प जाणवतो. मावशीला विचारा, तर ती म्हणेल, "कुठं काय येतंय?"

तिचं नाक बिघडलेलं नाही. एकच वास सतत येत राहिला की नाकातले ग्राहक आणि मेंदू त्याची दखल घेणं कमी करतात. असं केल्यानं नवा वास, म्हणजे धूर, गॅस किंवा नासलेलं अन्न, चटकन लक्षात येतो. वास जाणवला नाही म्हणून तंबाखूची धूळ मात्र हवेतून नाहीशी होत नाही, म्हणून अशा कामाच्या जागी खिडक्या उघड्या हव्यात.

गमबुटाच्या बाबतीतही हेच होतं. सकाळपासून बुटांजवळ बसलेला माणूस म्हणेल, वास गेला. शाळेतून आलेला मुलगा दारातच नाक मुरडेल. तेव्हा वास गेला की नाही, हे नेहमी बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं.

काळविटाला कोण फसवणार?

वास घालवायची सर्वांत जास्त धडपड जगात कोण करत असेल? परदेशातले शिकारी. हरणं माणसाचा, त्याच्या बुटाचा वास दुरून ओळखतात आणि पसार होतात. म्हणून तिकडचे शिकारी नवे रबरी बूट कित्येक दिवस उघड्या हवेवर टांगून ठेवतात. ते रबराचेच बूट निवडतात, कारण चामड्यातून किंवा कापडातून पायाचा वास बाहेर झिरपतो, रबर तो बराच अडवून धरतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. पण बिनवासाच्या बुटांचं कौतुक आपल्यालाही आहे, आणि त्याचं कारण जास्त छान आहे. सोलापूरहून बार्शी रस्त्याला नान्नज लागतं. तिथल्या माळरानावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्या गवतात आज काळविटांचे कळप चरतात, लांडगे आणि खोकड फिरतात. त्यांना न बुजवता पाहायचं असेल, तर वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत असेल अशा बाजूनं जायचं, अत्तर लावायचं नाही आणि नवेकोरे बूट तर घालायचेच नाहीत. वाऱ्याविरुद्ध गेलं की आपले रेणू मागे वाहून जातात आणि काळवीट शांतपणे चरत राहतं.

करून पाहा: सहा बरण्यांचा प्रयोग

साहित्य: झाकणाच्या, सारख्या आकाराच्या सहा काचेच्या बरण्या, रबरबँडचं नवं पाकीट, कोळसा, खाण्याचा सोडा, वाळलेली काळी माती, वर्तमानपत्राचा कागद, पातळ फडकी, दोरा.

प्रत्येक बरणीत मोजून सारखेच रबरबँड टाका. पहिल्या बरणीत दुसरं काही घालू नका, झाकण लावा. ही तुलनेची बरणी. दुसरीत कोळशाची पुरचुंडी, तिसरीत सोड्याची, चौथीत उन्हात खडखडीत वाळवलेल्या काळ्या मातीची, पाचवीत कागदाचे बोळे. या चौघींना झाकणं लावा. सहावीवर झाकण नको, नुसतं पातळ फडकं बांधा आणि ती वाऱ्यावर ठेवा. सगळ्या बरण्या सावलीत असू द्या.

चार दिवसांनी पुरचुंड्या आणि बोळे काढून घ्या, नाहीतर मातीचा किंवा कागदाचाच वास येईल. बरण्यांच्या तळाला क्रमांक चिकटवा आणि त्या उलटसुलट क्रमानं मांडा. आता बाहेर खेळत असलेल्या मित्राला बोलवा. त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधा. एकेक बरणी हुंगायला द्या आणि शून्य ते पाच गुण द्यायला सांगा. दोन बरण्यांच्या मधे त्याला थोडा वेळ मोकळी हवा घेऊ द्या, नाक सरावतं हे आठवतं ना? असंच आणखी चार-पाच जणांना विचारा आणि गुणांची सरासरी काढा.

रेणू पकडण्यात कोण पहिलं आलं, कोळसा, सोडा, माती की कागद? आणि वाऱ्यावर ठेवलेल्या बरणीनं त्यांना हरवलं का? निकाल वहीत लिहा. हाच प्रयोग मे महिन्यात आणि डिसेंबरात केलात, तर उष्णतेचा हिशेबही तुमच्या हाती येईल.

एवढा खटाटोप कशासाठी?

थोड्याशा वासासाठी एवढं सगळं? हो. कारण हा वास जिवाशी खेळू शकतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात साप चावल्यानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. दंश जास्त करून पायाला होतो, आणि पावसाळ्यात, शेतात काम करताना. आपल्या रानांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. पायात उंच गमबूट असेल तर हा धोका बराच कमी होतो. तो पूर्ण टळत नाही, म्हणून हातात बॅटरी आणि काठी हवीच. आणि दंश झालाच तर चिरा देणं, विष चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. सर्पविषावरचं औषध तिथं मिळतं, आणि ते बनवणाऱ्यांत आपली मुंबईची हाफकिनही आहे.

पण घरात आणलेले बूट "वास मारतात" म्हणून गोठ्यात पडून राहतात आणि माणूस रात्री अनवाणी पाणी द्यायला जातो, असं होऊ शकतं. हे थांबवणं तुमच्या हातात आहे. या मे महिन्यात घरच्या बुटांची जबाबदारी तुम्ही घ्या. धुवा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, कोळशाची पुरचुंडी बांधा. आणि बाबा, आई, आजोबा, जो कुणी रानात जाणार असेल त्याला दोन गोष्टी रोज सांगा: घालण्याआधी बूट उलटे करून झटका, आत विंचू किंवा साप बसलेला असू शकतो, आणि बूट घातल्याशिवाय रात्री रानात पाऊल टाकू नका.